न दिलेली काटवट

सोमवार, १८ ऑगस्ट २०२५. श्रावणातला शेवटचा सोमवार. पहाटे नळ आला. पिंप आणि हंडे भरून घेतले. पाणी गढूळ, तुरटी फिरवली. सकाळी लेकीचा, अंकिताचा, पुण्याहून फोन, रक्तदाबाची गोळी घेतली का म्हणून. घेतली होती. दुपारी आभाळ भरून आलं, पाऊस नाही. चारच्या सुमारास समोरची रत्नम्मा आली. तिची सून काव्या पंचमीला माहेरी गेली ती अजून परत आलेली नाही. आज काव्याच्या आईचा फोन आला होता. ‘तुमच्याकडं आमच्या पोरीला जाच आहे’ असं ती म्हणाली. रत्नम्माने चहा घेतला नाही, उपास होता.

वहीत त्या दिवसाचं एवढंच आहे. पण त्यानंतरचा सबंध आठवडा त्या एका शब्दामागे गेला, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

भवानी पेठेतल्या आमच्या बोळात रत्नम्माच्या घराला पाटी नाही, आणि तिची गरजही नाही. कोणी कडक भाकरीवाली कुठे राहते म्हणून विचारलं, तर लोक नुसते थांबून ऐका म्हणतात. थापण्याचा आवाज येतो तेच घर. ज्वारीची भाकरी इतकी पातळ थापायची की तव्यावरून काढून विस्तवाशी उभी केली की ती पापडासारखी कुरकुरीत व्हावी. तशी भाकरी महिनाभर टिकते. खानावळीत जाते, लग्नात जाते, आणि आता पुण्यामुंबईला नोकरी करणाऱ्या पोरांच्या पिशव्यांतूनही जाते. रत्नम्मा साठी ओलांडलेली, अंगाने बारीक. माझ्याशी मराठी बोलते, घरात कन्नड. तवा तापायला वेळ लागला तर त्यालाही कन्नडमध्येच बोलते.

त्या सोमवारी ती माझ्या पलंगाच्या कडेवर बसली आणि बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “अक्का, तुमी शिकलेल्या. जाच म्हंजे नक्की काय?”

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये हा शब्द आम्हाला इतिहासाच्या तासाला भेटला होता, इंग्रजीतून, ‘ऑप्रेशन’ म्हणजे जुलूम म्हणून. सिस्टरनी टेबलावर तळहात दाबून दाखवला होता. वरून दाब, खाली कोणीतरी. ती राजांनी आणि साम्राज्यांनी करायची गोष्ट होती. स्वयंपाकघरात ती होते असं पुस्तकात नव्हतं. मराठीत मात्र आपण या बाबतीत फार काटेकोर आहोत. जुलूम राजा करतो. दडपशाही सरकार करतं. पिळवणूक मालक करतो. शेजारी त्रास देतो, पण शेजारी जाच करतो असं कोणी म्हणत नाही. जाच करायला माणूस घरातलं लागतं.

हे मी तिला सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

“मग मीच करत असनार की,” ती म्हणाली. “घरात मीच हाय. सिद्धलिंग तर दिवसभर कामाला.”

सिद्धलिंग तिचा एकुलता मुलगा. चिंचोळीच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. त्याचं लग्न होऊन चौथं वर्ष लागलं. काव्या अक्कलकोटची, बी.कॉम. झालेली, उंच, हसरी मुलगी. या चार वर्षांत मी रत्नम्माचा आवाज त्या मुलीवर चढलेला कधी ऐकला नाही, आणि आमच्या बोळात भिंती इतक्या पातळ आहेत की चढला असता तर ऐकू आलाच असता. उलट बायका चेष्टा करायच्या, रत्नम्मानं सून आणली का देवघरात मूर्ती बसवली म्हणून. आपला गुन्हा कोणता, हे रत्नम्माला खरोखरच कळत नव्हतं. ते कळल्याशिवाय सुनेला परत आणायला कोणत्या तोंडाने जायचं, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. आणि सून परत आली नाही तर मुलाचा संसार मोडणार, हे तर तिला झोपेतही दिसत होतं.

जाच म्हणजे काय हे तिला शब्दाने सांगायची गरज खरं तर नव्हती. तो तिने भोगलेला होता.

रत्नम्मा लग्न होऊन आली तेव्हा या घरावर तिच्या सासूचं, नीलव्वाचं राज्य होतं. नीलव्वा मला आठवते. बुटकी, कपाळभर विभूती, आणि नजर अशी की दुधावरची साय आपोआप बाजूला व्हावी. रत्नम्माचा नवरा पंचाक्षरी गिरणीत होता. गिरणीच्या पहिल्या पाळीच्या लोकांसाठी नीलव्वा भाकरी करायची. रत्नम्मा आली आणि ते काम तिच्या अंगावर आलं. पहाटे चारला उठायचं. थापायला बसायचं ते ऊन अंगणात येईपर्यंत. भाकरीची कड जाड राहिली की नीलव्वा ती मोडून परत हातात द्यायची. ही तुझ्या वाट्याची, म्हणून. असल्या मोडक्या भाकरींवरच रत्नम्माचं जेवण व्हायचं, तेही सगळ्यांचं उरकल्यावर.

आणि एका पंचमीला रत्नम्माचा भाऊ तिला न्यायला आला होता. खेड्याहून पहाटेच निघालेला. नीलव्वाने त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि यंदा भाकरीची मागणी फार आहे, पुढच्या वर्षी बघू, असं सांगून परत पाठवलं. रत्नम्मा आत तव्यापुढे होती. भाऊ दाराशी थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. ही एवढी एकच गोष्ट सांगताना तिचा आवाज आजही हलतो. बाकी सगळं ती हसत सांगते.

म्हणून, सिद्धलिंगचं लग्न ठरलं तेव्हाच तिने मनाशी ठरवलं होतं. आपल्या सुनेला चुलीची धग लागू द्यायची नाही. ती दर पंचमीला माहेरी जाईल आणि हवी तितकी राहील. तिला बोलावणं पाठवून घाई करायची नाही. सिद्धलिंग यंदा आणायला निघाला होता, त्यालाही तिनेच थांबवलं. राहू दे की तिला, माहेर काय रोज मिळतं का, म्हणून.

मी म्हटलं, इथे बसून विचार करण्यापेक्षा आपण जाऊन विचारू. गुरुवारी अक्कलकोटला गर्दी असते म्हणून बुधवारी निघालो. सिद्धलिंग येतो म्हणाला, तर रत्नम्मा नको म्हणाली. त्याच्यापुढे काव्या मोकळं बोलणार नाही, तो आधीच घाबरलेला आहे, असं तिचं म्हणणं. एसटीत ती खिडकीशी बसली आणि वाटेत एकदाच बोलली. काव्याची आई जे म्हणेल ते खाली मान घालून ऐकायचं, उलट बोलायचं नाही, हे तिने मला बजावलं. जणू बोलणारी मी होते.

काव्याची आई दारातच होती. गोल चेहऱ्याची, ठसठशीत बाई. रागावलेली होती, पण रागातही तिने पाय धुवायला पाणी दिलं आणि उपीट केलं. ताटली रिकामी होताच विचारल्याशिवाय पुन्हा भरली. आता हा जुलूम झाला हं, मी म्हटलं. आपण असं म्हणतोच. कोणी हसलं नाही.

काव्या आतल्या खोलीच्या दाराशी उभी होती. रत्नम्माला वाकून नमस्कार करून परत तिथेच जाऊन उभी राहिली. तिची आई बोलायला लागली. तिला वाटलेला अपमान तिने चार वर्षं साठवून ठेवलेला होता. ती म्हणाली की पंचमी होऊन इतके दिवस झाले, तुमच्याकडून बोलावणं नाही, माणूस नाही. सून नकोशी झाली असेल तर तसं सांगा. मग तिने खरी गोष्ट काढली.

“काटवट दिली का तुमी माझ्या पोरीला?”

हे इतर लोकांना कळणार नाही, म्हणून सांगते. काटवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात. भाकरीचा धंदा करणाऱ्या या घरांत एक रीत आहे. नव्या सुनेच्या पहिल्या पंचमीला सासू काटवट धुऊन, तिला हळदकुंकू वाहून, खण आणि नारळ ठेवून सुनेच्या हातात देते. त्या दिवसापासून घर सुनेचं. पुढे थापते कोण, हा वेगळा भाग. पण काटवट कोणाची, ते ठरतं. सासूने ती दिली नाही तर सोयऱ्याधायऱ्यांत एकच अर्थ निघतो, की सून पसंत नाही.

“चार पंचम्या झाल्या,” काव्याची आई म्हणाली. “गल्लीतल्या बायका दरवर्षी विचारत्यात मला. पोरीत काय खोट हाय का म्हणून. मी काय सांगू?”

मी रत्नम्माला इतकी वर्षं ओळखते. नवरा गेला तेव्हा, गिरणी बंद पडली तेव्हा मी तिचा चेहरा पाहिला आहे. हा चेहरा निराळा होता. दुसऱ्यासाठी जपून ठेवलेला खाऊ त्याच्यापुढे धरावा आणि त्याने अंगावर काय फेकलंस म्हणून विचारावं, तसं काहीसं.

“ती काटवट नुसती येत न्हाय हो,” ती शेवटी म्हणाली. “तिच्यासंगं सगळंच येतंय. चारला उठनं येतंय. पाठदुखी येतीया. माझ्या सासूनं मला दिली तवा मी खूश झाले, मला काय ठावं. म्हनून न्हाय दिली. माळ्यावर ठिवली, पोरीला दिसाय बी नको म्हनून.”

“मग तुमी कशात मळता?” काव्याच्या आईने नकळत विचारलं.

“स्टीलच्या परातीत.”

मला वाटतं त्या बाईचा निम्मा राग तिथेच गळाला. कडक भाकरीचं पीठ स्टीलच्या परातीत मळायचं म्हणजे परात सरकत राहते आणि हातांना दुप्पट कष्ट, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत असणार.

काव्या मघापासून दाराशी होती ती आता येऊन सासूसमोर जमिनीवर बसली. ती मराठी शाळेत शिकलेली, स्वच्छ बोलते. पण सासूला कन्नड रीतीप्रमाणे अत्तीच म्हणते.

“अत्ती, तुम्ही मला कधी एक वाईट शब्द बोलला नाहीत,” ती म्हणाली. “पण मी पीठ चाळायला घेतलं की तुम्ही चाळण काढून घेता. गिऱ्हाईक आलं की सांगता, तिला नका विचारू, ती शिकलेली आहे. भांडं कुठं ठेवायचं ते मला माहीत नाही, कारण मी कधी ठेवलंच नाही. मी चार वर्षं पाहुणी आहे त्या घरात. इथं आले, वाट बघितली, तर बोलावणंसुद्धा नाही. पाहुणी गेली की कोण बोलावतं?”

रत्नम्माने आपले दोन्ही हात तिच्यापुढे धरले. त्या हातांची बोटं टोकाशी चपटी झालेली आहेत, गुळगुळीत, रेषा पुसलेल्या. आधार कार्डाच्या वेळी मशीनला त्यांचा ठसा सापडेना.

“हितं आता गरम बी कळत न्हाय,” ती म्हणाली. “हे तुला द्यायचं व्हतं का?”

काव्याने ते हात घेतले आणि उलटसुलट करून पाहिले. चार वर्षं एका घरात राहून तिने ते इतक्या जवळून पाहिले नव्हते, हे दिसत होतं. पाहायला ती स्वयंपाकघरात होती कुठे?

“हे मला कधी सांगितलं नाहीत,” ती म्हणाली.

“सांगून भाकरी थापायची ऱ्हाती व्हय?”

आता काव्याची आई आत गेली आणि उगाच भांडी वाजवू लागली. काव्याने मात्र हात सोडले नाहीत. ती म्हणाली की काटवट मी घेईन, पण पहाटे चारला उठणार नाही. रत्नम्मा दचकली. चारला उठल्याशिवाय भाकरी व्हायची कशी? काव्याने विचारलं की खानावळीचा माणूस केव्हा येतो. दहाला, रत्नम्मा म्हणाली. आणि दुकानवाला? तो कधीही येतो, कधी दुसऱ्या दिवशी येतो.

“मग आदल्या दिवशी दुपारी करू. कडक भाकरी आहे अत्ती, महिना टिकते. चार वाजता कशासाठी उठायचं?”

मी पाहत होते. रत्नम्मा मनाने मागे मागे जात होती. नीलव्वापर्यंत, पंचाक्षरीच्या डब्यापर्यंत.

“गिरनीची पयली पाळी,” ती हळूच म्हणाली. “भोंगा व्हायच्या आत भाकरी तयार पायजे. सासू म्हनायची.” मग माझ्याकडे वळून, “अक्का, गिरनी कवा बंद पडली ओ?”

फार वर्षं झाली. सिद्धलिंग तेव्हा शाळेत होता. गिरणी गेली, भोंगा गेला, नीलव्वा गेली, पंचाक्षरी गेला. चारला उठवणारं कोणीच उरलं नव्हतं, आणि रत्नम्मा रोज उठत होती. तिला हसू यायला लागलं. आधी खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी आलं, मग ते हसणं आहे का दुसरं काही, ते आम्हालाही कळेना. काव्याने आपल्या ओढणीने तिचे डोळे पुसले. “यव्वा, यव्वा,” आपण आई गं म्हणतो तसं रत्नम्मा नुसतं म्हणत होती.

परत येताना एसटीत मी तिला विचारलं, नीलव्वाचा राग येतो का आता. तिने थोडा विचार केला. जाच केला तिने, म्हणाली, त्यात काय खोटं नाही. पण काटवट तिनेच दिली, पहिल्याच पंचमीला, सगळ्या बायकांदेखत, आणि म्हणाली होती की आता मला न विचारता मीठ टाकलंस तरी चालेल. “मेली तवा पोटच्या लेकींपरीस मीच जास्त रडले. ह्याला काय म्हनत्यात तुमच्या पुस्तकात?” डिक्शनरीत एका शब्दाला एक अर्थ असतो, फार तर दोन.

शुक्रवारी अमावस्या लागली, म्हणून काव्याला रविवारी पाठवायचं ठरलं. या वेळी सिद्धलिंग रीतसर आणायला गेला. बरोबर खण, नारळ आणि पेढे. काव्याच्या आईने त्याच्याजवळ चटणी, कारळं आणि पावशेर तूप दिलं. म्हणजे राग गेला.

काटवट माळ्यावरून मीच सिद्धलिंगला उतरवायला सांगितली, स्टुलावर रत्नम्माला चढू दिलं नाही. कोरडी पडली होती, कडेला एक बारीक चीर गेली होती. रत्नम्माने तिला गरम पाण्याने धुतलं, तेल चोळून उन्हात ठेवलं. बोळातल्या बायकांना बोलावलं. चार वर्षं उशीर झाला म्हणून कोणी काही बोललं नाही. एकीने मात्र मूर्ती देवघरातून बाहेर काढली का, म्हणून टोमणा मारलाच. काव्या हसून वाकली आणि काटवट दोन्ही हातांनी घेतली. तेवढ्यात तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं की यापुढे दर रविवारी तवा बंद, आजचा रविवार तेवढा सोडून. रत्नम्माने कपाळाला हात लावला. पण नाही म्हणाली नाही.

दुपारी काव्या पहिल्यांदा थापायला बसली आणि रत्नम्मा माझ्या ओट्यावर येऊन बसली. समोर राहिलं तर हात आवरणार नाही, म्हणाली. तिकडून थापण्याचा आवाज येत होता, अडखळत, मधेच थांबत. प्रत्येक थांबण्याला ही उठू लागे. पाणी कोमट घेतलंय, ही म्हणे, उकळतं पायजे. आता फाटली. तव्यावर टाकताना मोडली. दर वेळी मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला खाली बसवत होते.

“जाऊ दे की मला एकदा.”

“नको. तिचं तिला करू दे.”

“अक्का,” ती म्हणाली, “गप बसायचा बी जाचच हाय की ओ.”

पण ती गेली नाही. ऊन ओट्यावरून उतरेपर्यंत हात मांडीखाली दाबून तशीच बसली. शेवटी समोरचं दार उघडलं. काव्याच्या कपाळावर पीठ होतं, मनगट भाजलेलं होतं, त्यावर तिने टूथपेस्ट लावली होती. ती दारातूनच म्हणाली की अत्ती, या, मला कड पातळ होत नाही, दाखवा. रत्नम्मा इतकी पटकन उठली की माझ्या ओट्यावर तिची एक चप्पल राहून गेली.

रविवार, २४ ऑगस्टच्या पानावर बाकी काही लिहिलं नाही. शेवटची ओळ अशी आहे: संध्याकाळी स्वयंपाक केला नाही. काव्याच्या हातच्या दोन भाकरी आल्या, कड जाड होती. दुधात कुस्करून खाल्ल्या.